डुबीवाल्याचा दोर

बसा. इन्व्हर्टरवर हा एवढाच दिवा चालतो, पंखा नाही. तेव्हा वारा तुमचा तुम्ही घाला. लाईट कधी येईल ते मात्र विचारू नका. भिवंडीत हा प्रश्न नवखी माणसं विचारतात.

कुमारशेठच्या संग्रहालयाचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कुमारशेठच्या आजोबांनी इथून जवळच्या अंजूर गावात भात पिकवला, वडिलांनी खाडीतली रेती काढली आणि कुमारशेठ गोदामांची भाडी काढतात. पिढीगणिक कष्ट कमी होत गेले, पोट वाढत गेलं. दोनेक वर्षांपूर्वी ते युरोपच्या टूरवर गेले. तिथं कुठल्याशा खेड्यात त्यांना कोळशाच्या खाणीचं संग्रहालय दाखवलं. बंद पडलेली खाण, आणि लोक तिकीट काढून तिच्यात उतरतायत. परत आल्यावर पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "भाऊसाहेब, आपली पण खाणच व्हती की. फक्त पाण्याखाली."

कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्त झालो तरी ती उपाधी पेन्शनसारखी चालू राहते. संग्रहालयातल्या वस्तूंखाली लावायच्या पाट्यांचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. घरी दुसरं काही नव्हतं. बायको गेल्यापासून मी रद्दीवाल्याचीसुद्धा वाट बघतो.

तुम्ही ती रेतीची कामं पाहिली नसतील. सक्शन पंप यायच्या आधी खाडीच्या तळातली रेती माणसं काढायची. होडीच्या कडेला एक लांब बांबू तळात रोवायचा. डुबीवाला तो धरून खाली उतरायचा, डोळे मिटून, कारण उघडे ठेवूनही काही दिसत नसे. खाली लोखंडी बालदी रेतीनं भरायची. बालदीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक होडीतल्या माणसाच्या हातात. त्याला नुसतं 'वरचा' म्हणत. खालून एकदा ओढलं की बालदी भरली. दोनदा ओढलं की मला वर घे. या ओढीला इकडे 'वढ' म्हणतात.

दोर होडीला कधी बांधायचा नाही, असा दंडक होता. हातातच धरायचा. विडी पेटवायची झाली तर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, पण बांधायचा नाही. बांधलेला दोर खालच्याला कळतो म्हणत. त्याचा अर्थ, वर कुणी नाही, आम्ही निघालो. दोर बांधायची वेळ एकच. माणूस वर आला नाही, प्रेतही मिळालं नाही, तर. त्या वेळीही आधी कुणीतरी परक्या माणसानं दोर हातात धरून तीनदा मोठ्यानं सांगायचं, 'वढ न्हाय.' मग गाठ मारायची आणि घरी जाऊन त्याचे दिवस घालायचे. हे घरच्यानं सांगून चालत नसे. घरच्याला नसलेली वढही लागते.

हे सगळं मला बाळारामनं सांगितलं. बाळाराम हा रघू नावाच्या डुबीवाल्याचा वरचा. रघू पंचवीसेक वर्षांपूर्वी एका अवसेच्या उधाणाला खाली उतरला आणि आला नाही. सरकारी पाणबुडे आले, चहा पिऊन गेले. गावानं बाळारामला दोर बांधायला सांगितलं, तर त्यानं ऐकलं नाही. "वढ हाय," म्हणाला. कुणा परक्याला दोराला हात लावू दिला नाही. पुढं होडी चिखलात रुतली, रेतीवर बंदी आली, बंदराच्या काठाला गोदामं उभी राहिली. पण हा माणूस रोज भरतीला बंदरावर बसे, दोराचं टोक पाण्यात सोडून. लोक त्याला खुळा म्हणत. तरी पाय धुवायला खाली उतरताना त्याचा दोर कुणी ओलांडत नसे.

आणि दोर बांधला नाही म्हणून रघूचे दिवसही घातले गेले नाहीत. त्याची बायको आनंदीबाई पंचवीस वर्षं कुंकू लावून राहिली.

बाळारामला दम्यानं अंथरुणाला खिळवलं तेव्हा कुमारशेठ दोर मागायला गेले. मी सोबत होतो. म्हाताऱ्यानं एकच अट घातली, की दोर कुणाच्यातरी हातात राहिला पाहिजे. कुमारशेठनी लगेच वचन दिलं. त्यांचा अर्थ वेगळा होता हे मला रिक्षात कळलं.

शहरातलं एक रेडिमेड कपड्यांचं दुकान बंद पडलं होतं. त्याचे दोन पुतळे कुमारशेठनी उचलले. लग्नाच्या शेरवान्या घालायचे, गोरेपान, निळ्या डोळ्यांचे. दाऊद पेंटरनं त्यांना तपकिरी रंग दिला आणि लंगोट्या नेसवल्या. "डोळे भी काळे करून टाकू का?" त्यानं विचारलं, पण त्याचे पैसे वेगळे पडतील म्हटल्यावर कुमारशेठ म्हणाले, राहू दे, कोण बघतंय. अंजूरच्या त्यांच्या गोदामांपैकी शेवटच्या गाळ्यात जुन्या वजनकाट्याचा खड्डा होता, दीड पुरुष खोल, सिमेंटचा. त्यावर होडी बसवली. होडीच्या कडेनं बांबू खड्ड्यात सोडला. खाली एक पुतळा बालदीशी वाकलेला, वर होडीत दुसरा उभा. दुकानात तो खांद्यावर कोट धरून उभा असायचा, त्यामुळे त्याची मूठ आयतीच वळलेली होती. तिच्यात दोर अडकवला.

"हातच पायजे व्हता ना?" कुमारशेठ म्हणाले. "हात हाय."

बाळारामला कुणी हे सांगितलं की नाही, ठाऊक नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

त्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाट्या लावायला अंजूरला गेलो. थंडीचे दिवस, दुपारची वेळ. गोदामाला खिडक्या नसतात; माल उन्हानं विटतो आणि माणसं आत डोकावतात, दोन्ही मालकांना चालत नाही. बाहेर कंटेनरची धूळ उडत होती म्हणून शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. ट्यूबलाईटखाली चाळणीची पाटी लावली, वल्ह्यांची लावली. मग शेजारच्या गाळ्यातलं मशीन थांबलं आणि ट्यूबही गेल्या.

शटरखालून आलेला उजेडाचा पट्टा चार पावलांवर संपत होता. त्यापुढं काळोख, भर दुपारी. मोबाईलची बॅटरी लावली. होडीतल्या पुतळ्याचे डोळे तेवढे चमकले. माणूस आयुष्यभर ऑफिसात बसला की निर्जीव चेहऱ्यांची सवय होते, त्यामुळे मी खोक्यावर बसून लाईटची वाट बघू लागलो.

वास आधी आला. बंद गोदामाला तागाचा, पुठ्ठ्याचा वास असतो. हा चिखलाचा होता, ओहोटीला खाडी उघडी पडते तसा.

"भाऊसाहेब हायेत का?"

शटरखालून वाकून आनंदीबाई आत आली. गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उभी राहिली. काटकुळी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. बाहेरच्या वॉचमननं मी आत असल्याचं सांगितलं, म्हणाली. तिला परका माणूस हवा होता आणि शक्यतो लिहिणारा-वाचणारा, म्हणजे गाव खोटं म्हणणार नाही. लिहिणाऱ्यांवर गावाचा इतका विश्वास आहे हे मला नवीन होतं.

ती काय मागायला आली होती ते तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. तिला दोर बांधायचा होता.

बाळाराम जिवंत असेपर्यंत तिला बोलता येत नव्हतं. तो वरचा, शब्द त्याचा. पण तो म्हणे 'वढ हाय', आणि वढ आहे तोवर डुबीवाल्याच्या बायकोला भरतीच्या वेळी घर सोडता येत नाही. माणूस गारठून वर येतो, त्याला ऊन पाणी लागतं. दिवसातून दोन भरत्या. पंचवीस वर्षं ही बाई दोन वेळा चूल पेटवून पाणी तापवत होती आणि ओहोटी लागली की ओतून देत होती. मुलीच्या, कमळच्या, दोन बाळंतपणांना ती लेकीच्या सासरी पडघ्याला जाऊ शकली नव्हती. आता गुडघे गेले होते. कमळनं उद्या सकाळी टेम्पो पाठवते म्हणून सांगितलं होतं. बोचकं बांधून झालं होतं. राहिला होता फक्त दोर.

"मना रघूचा राग न्हाय," ती म्हणाली. "पन कवा तरी सुटी व्हायला पायजे ना? त्याला पन. मना पन."

मी हो म्हटलं. न पाहिलेल्या गोष्टी खऱ्या असल्याचा शेरा मारण्यात माझी नोकरी गेली. तीनदा 'वढ न्हाय' म्हणायला कितीसं लागणार होतं? आणि ते खरंही होतं. सिमेंटच्या कोरड्या खड्ड्यात कुठली वढ?

तरी पद्धत म्हणून आधी खड्ड्यात बॅटरी मारली. बालदी एका बाजूला होती. दाऊदच्या माणसांनी दोर तिला बांधलाच नव्हता. त्याचं टोक पुतळ्याच्या पायांशी जमिनीवर गोल वेटोळं होऊन पडलं होतं. आनंदीबाईनंही वाकून पाहिलं. पुतळ्याकडे बघून म्हणाली, "ह्यो कोन? रघू काय इतका गोरा नव्हता." दाऊदचा रंग तिच्या लेखी पुरेसा तपकिरी नव्हता. आम्ही दोघंही जरासे हसलो. ते शेवटचं हसणं.

होडीत चढलो. पुतळ्याच्या मुठीतून दोर सोडवताना त्याचं एक बोट तुटून खाली पडलं. दोर हातात घेतला. ओला होता. बाळारामच्या घरातून आणून महिना होत आला होता, आणि दोर ओला होता, बर्फासारखा गार.

"सांगा भाऊसाहेब," ती खालून म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मी घसा साफ केला. "वढ न्हाय," म्हणालो. गोदामात आवाज घुमला आणि बराच वेळ राहिला.

तेव्हा दोर हलला.

झटका वगैरे नव्हता. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आपला स्टॉप आला की बाहीला धरून हळूच ओढतो ना, तसा. एकदा... माझाच हात कापला असेल, असं मनाला सांगत होतो. आणि मग परत एकदा. सावकाश, शांतपणे, ज्याला घाई करून उपयोग नाही हे कळून चुकलंय अशा माणसासारखं.

दोनदा.

डाव्या हातातली बॅटरी खड्ड्याकडे वळवली. पुतळा होता तसाच वाकलेला होता. जमिनीवरचं वेटोळं सुटलं होतं. दोर ताठ होऊन सरळ सिमेंटपर्यंत गेला होता, आणि टोक... टोक दिसत नव्हतं.

"भाऊसाहेब?" आनंदीबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "थांबलात का? खरा सांगा... वढ लागते का?"

मी तिच्याकडे पाहिलं. मिटलेले डोळे, गुडघ्यांवर टेकलेले हात, शटरखालच्या उजेडात दिसणाऱ्या तिच्या भेगाळलेल्या टाचा. माझ्या एका शब्दावर ती उद्या पडघ्याला जाणार होती, किंवा रात्रीच्या भरतीला पुन्हा चूल पेटवणार होती. पुढची किती वर्षं? आणि ओढून वर घ्यायचं म्हटलं तर, मला सांगा, काय वर आलं असतं?

"वढ न्हाय," मी म्हणालो.

दोर माझ्या हातात एकदा थरथरला. माझं बोलणं जणू त्यातून खाली गेलं आणि कुणीतरी ते ऐकलं. मग पुन्हा दोन वढी आल्या. या वेळी जोरात. तळहाताचं सालटं गेलं. बघा, अजून खूण आहे.

"वढ न्हाय," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

आनंदीबाईनं डोळे उघडले. रडली वगैरे नाही. होडीच्या कडेला हात टेकून तिनं माझ्या हातातून दोर घेतला, होडीच्या कडीतून ओवला आणि गाठ मारली. तिला गाठ येत होती. इतकी वर्षं मनात मारून झालेली असणार. दोर सैल झाला. ती कुंकू पुसायला पदर कपाळाशी नेणार, तेवढ्यात थांबली. "घरी पुसते," म्हणाली. "इथं ह्यो गोरा बघतोय."

आम्ही बाहेर आलो. मी शटर पूर्ण खाली ओढलं. कुलूप लावताना आतून बांबू करकरला, वजन पडल्यावर करकरतो तसा. मी आनंदीबाईकडे पाहिलं नाही आणि तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. तिकडून एक रिकामी रिक्षा आली, तीत मी बसलो. जाताना तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुमारशेठचा फोन आला, तक्रारीचा. खड्ड्यात झरा लागलाय, वीतभर खारं पाणी साचलंय. बांबू वरपर्यंत ओला. खालचा पुतळा पाण्यात आडवा पडलाय आणि त्याचा सगळा रंग धुऊन निघालाय. होता तसा गोरा झालाय. दाऊदनं कच्चा रंग वापरला, आता त्याला एक पैसा देत नाही. बोलता बोलता म्हणाले, पडघ्याहून आनंदीबाईसाठी टेम्पो आला होता, तो तिनं रिकामा परत पाठवला. मुलगी फोनवर रडतेय. म्हातारी नीट सांगतही नाही, नुसतं येत नाही म्हणते.

मला जायला नको होतं. पण शेरा मारलेलं काम मार्गी लागलं की नाही ते बघायची खोड जात नाही.

आनंदीबाईचं घर बंदराच्या वाटेवर, गोदामांच्या मागच्या भिंतीला चिकटून आहे. संध्याकाळ व्हायला आली होती. बोचकं दाराबाहेर ओट्यावर होतं, बांधलेलं तसंच. दार अर्धं उघडं. मी हाक मारणार, तेवढ्यात ती बाहेर आली आणि तोंडावर बोट ठेवलं. कपाळावर कुंकू होतं.

"हळू बोला," ती कुजबुजली. "आताच डोला लागलाय."

आतून खोकल्याचा आवाज आला. ओला, खोल. छातीत पाणी भरलेल्या माणसाचा.

ती बोलत होती, माझ्याकडे न बघता, ओट्यावरच्या बोचक्याकडे बघत. काल दिवेलागणीला आला म्हणाली. बांबू धरून आपला आपण चढला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चढला. दोर धरलेला होता तोवर त्याला वाटे वर माणूस आहे, घेईल वर. बांधलेला लागला तेव्हा त्याला कळलं.

"सगला इचारला त्यानं," ती म्हणाली. "बाळाराम जेला, तेपन सांगितला. मंग इचारला, वर कोन व्हता?"

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी न्हाय काय बोलली. त्यालाच ठावं हाय. बोलतो, मी वढलो. दोनदा वढलो, मंग परत वढलो. वरच्याला कलला व्हता." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसता थकवा होता. "लागली व्हती ना वढ, भाऊसाहेब? तुमी सांगितला असता तर मी काय केला असता ते मना म्हाईत न्हाय. पन आता मी कुठं जाऊ? टाकून कशी जाऊ त्याला?"

मी मान खाली घातली. उंबऱ्यावर रेती होती. बारीक, काळसर, ओली. झाडून एका बाजूला लावलेली होती आणि तिच्यावर पुन्हा नवी पडली होती.

"तुमी जा," ती म्हणाली. "बोलू नका. तीनदा ऐकलाय त्यानं तुमचा आवाज."

मी चपला हातात घेतल्या. एक पाऊल मागं टाकलं आणि आतला खोकला थांबला. थांबल्यावर कळलं, तो केवढा मोठा आवाज होता ते. खाट करकरली.

"कोन हाय गो?" आतून विचारलं.

आनंदीबाई दारात आडवी उभी राहिली. "कोन न्हाय," ती म्हणाली. माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलली. तिचा आवाज हललासुद्धा नाही.

आत पाणी ठिबकत होतं कुठंतरी. मग तो आवाज आला, सावकाश, समजूतदार, घाई नसलेला.

"बरा. त्याला सांग, दोर धरायला ये... उद्याची भरती दुपारची हाय."